जुना लॅपटॉप रांगतोय: कंपनीने भरून दिलेल्यातलं काय काढायचं, काय ठेवायचं?

घरचा_संगणक:

नमस्कार मंडळी,

घरातला लॅपटॉप २०१५ सालचा आहे. इंटेल कोअर आय३ पाचव्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. आला तेव्हा त्यावर विंडोज ८.१ होती, पुढे तिच्यावरच विंडोज १० होम चढवली. आजवर एकदाही फॉरमॅट केलेला नाही, त्यामुळे कारखान्यातून जे काही भरून आलं ते सगळं अजून आत आहे.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसायला दोन मिनिटं लागतात. दिसल्यावरही पुढची सहा-सात मिनिटं काहीच उघडत नाही, नुसतं गोल चक्र फिरत राहतं. टास्क मॅनेजरमध्ये तेव्हा डिस्क १०० टक्के दाखवते, सीपीयू मात्र २०-२५ टक्क्यांवर असतो. डिस्कचा वेग पाहिला तर सेकंदाला जेमतेम १ एमबी. एवढ्याशा कामाला १०० टक्के का, हे कळत नाही.

प्रोग्रॅमच्या यादीत ७१ नावं आहेत. मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस, शिवाय नंतर टाकलेला दुसरा मोफत अँटिव्हायरस. लॅपटॉप कंपनीची केअर, सपोर्ट, अपडेट, रजिस्ट्रेशन अशा नावांची पाच-सहा. गेमचं दुकान, डीव्हीडी लिहिण्याचा संच, क्लाउड स्टोरेजची ट्रायल, ब्राउझरचा टूलबार, एक ड्रायव्हर अपडेटर, क्विकटाइम, सिल्व्हरलाइट. आणि 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' या एकाच नावाच्या अकरा नोंदी.

यातलं बिनधास्त काय काढू आणि कशाला हात लावू नको? शिवाय एका क्लिकमध्ये सगळी सफाई करून देतो म्हणणारी मोफत सॉफ्टवेअरं दिसतात, ती वापरावीत का?


पेचकस:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: वापरू नका. मशीनवर आधीच आपोआप चालू होणाऱ्यांची गर्दी आहे, त्यात ते आणखी एक होऊन बसतं. रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज ठेवतात ती नोंदवही, साफ केल्याने वेग वाढत नाही. लाखो नोंदींमधल्या काहीशे मेलेल्या नोंदी कुणी वाचायलाही जात नाही, त्यामुळे त्या असल्या काय नि नसल्या काय. पण एखादी जिवंत नोंद चुकून उडाली तर दुसराच कुठला तरी प्रोग्रॅम बंद पडतो आणि कारण सापडत नाही. त्यात भर म्हणजे २०१७ मध्ये सीक्लीनर या अशाच सफाई-सॉफ्टवेअरच्या ५.३३ या आवृत्तीतच हल्लेखोरांनी मशीनमध्ये चोरून शिरायचं मागचं दार घुसवलं होतं, आणि लोकांनी ती अधिकृत सर्व्हरवरूनच उतरवलेली होती.

आता मूळ मुद्दा. ७१ पैकी बहुतेक नावं डिस्कवर नुसती पडून आहेत. पडून असलेला प्रोग्रॅम २ जीबीचा असला तरी मशीनचा वेग कमी करत नाही, फक्त जागा अडवतो. वेग खातो तो न सांगता चालू होणारा, मग तो ५ एमबीचा का असेना. म्हणून यादी आकाराप्रमाणे लावून वरून खाली काढत सुटू नका. काय चालू होतंय ते आधी बघा.

त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या 'स्टार्टअप' टॅबवर जा. तिथल्या 'स्टार्टअप इम्पॅक्ट' रकान्यात हाय, मीडियम, लो असं लिहिलेलं असतं. सुरू होताना ज्याने १ सेकंदापेक्षा जास्त सीपीयू वापरला किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्क वाचली-लिहिली, तो 'हाय'. पण ३ एमबीही हाय आणि ३०० एमबीही हाय, त्यामुळे एवढ्यावर भागत नाही. रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करा आणि 'डिस्क आय/ओ ॲट स्टार्टअप' व 'सीपीयू ॲट स्टार्टअप' हे दोन रकाने चालू करा. खरे आकडे दिसतील. डिस्कच्या रकान्यावर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा. वरची पाच-सात नावं कागदावर उतरवून घ्या, कामाची सुरुवात तिथून.

काढायच्या आधी दोन गोष्टी कराच. कागदपत्रं, फोटो वगैरे बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि रीस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज जिथे परत नेता येते तो टप्पा, हाताने तयार करा. स्टार्ट मेनूत 'क्रिएट अ रीस्टोअर पॉइंट' असं इंग्रजीत टाइप केलं की खिडकी उघडते. सी ड्राइव्हसमोर 'ऑफ' दिसलं तर 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन संरक्षण चालू करा, ५ टक्के जागा पुरते. विंडोज १० मध्ये हे बऱ्याचदा बंदच असतं आणि गरज पडते तेव्हा लक्षात येतं.

पहिला मान अँटिव्हायरसचा. दोन अँटिव्हायरस म्हणजे उघडणारी प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते. दोघांचे फिल्टर ड्रायव्हर फाइल आणि प्रोग्रॅमच्या मध्ये उभे असतात आणि डिस्क आधीच दमलेली असते. ट्रायलची मुदत संपली म्हणून ड्रायव्हर उठून जात नाही. तो तपासतच राहतो, फक्त व्हायरस ओळखण्याच्या जुन्या यादीवर. दोन्ही काढा, पण एकाच बैठकीत नको. एक काढा, रीस्टार्ट करा, मग दुसरा. दोन्ही गेले की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा होतो. 'विंडोज सिक्युरिटी'त जाऊन हिरवी खूण दिसते का बघा, तोवर इंटरनेट बंद ठेवा.

मग ड्रायव्हर अपडेटर, टूलबार, रजिस्ट्रेशन, गेमचं दुकान, क्लाउडची ट्रायल. यांत विचार करण्यासारखं काही नाही, काढा. क्लाउडमध्ये फाइली ठेवल्या असतील तर तेवढ्या आधी उतरवून घ्या. क्विकटाइम आणि सिल्व्हरलाइट वेगासाठी नव्हे, सुरक्षेसाठी काढा. विंडोजवरच्या क्विकटाइमचा आधार २०१६ मध्येच संपला आणि सिल्व्हरलाइटचा १२ ऑक्टोबर २०२१ ला. यादीत फ्लॅश प्लेअर सापडला तर तोही काढा, तो २०२० च्या अखेरीस संपला. डीव्हीडीचा संच वापरात नसेल तर जाऊ द्या, डीव्हीडी बघायला व्हीएलसी पुरतो.

ज्यांना हात लावायचा नाही ते असे. व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या अकराच्या अकरा नोंदी राहू द्या. नाव एकच दिसत असलं तरी २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३ अशा वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत आणि प्रत्येकीची ३२ बिट व ६४ बिट अशी जोडी असते. कुठला प्रोग्रॅम कुठल्या आवृत्तीवर उभा आहे ते यादीवरून कळत नाही, आणि त्या स्वतःहून कधी चालूच होत नाहीत. मग काढून मिळवायचं काय? डॉट नेटचंही तेच. ग्राफिक्स, ऑडिओ, चिपसेट, मॅनेजमेंट इंजिन यांचे ड्रायव्हर ठेवा. सिनॅप्टिक्स किंवा एलान नावाची नोंद टचपॅडची असते, ती गेली की दोन बोटांनी पान सरकवणं बंद होतं. हॉटकी नावाची नोंद असेल तर फंक्शन की दाबून ब्राइटनेस बदलणं तिच्यावर अवलंबून असू शकतं. सगळ्यात जपायचं ते इंटेल रॅपिड स्टोरेज. डिस्कचा कंट्रोलर 'रेड' (RAID) मोडमध्ये असेल आणि हा ड्रायव्हर काढला तर विंडोज सुरूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते.

कंपनीच्या केअर-सपोर्टवाल्यांपैकी बॅटरी कुठवर चार्ज करायची हे ठरवणारा एखादा असतो. तो वापरत असाल तर ठेवा, बाकीचे काढा. बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरचं) अपडेट कंपनीच्या संकेतस्थळावरून हाताने घेता येतं, त्यासाठी रोज मागे बसून वाट बघणारा प्रोग्रॅम लागत नाही.

कारखान्यातली मंडळी ओळखायची एक युक्ती: कंट्रोल पॅनलच्या 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स'मध्ये 'इन्स्टॉल्ड ऑन' रकान्यावर क्लिक करा. एकाच तारखेला बसलेला जथा दिसेल, तो बहुधा तिथलाच. आपोआप अपडेट होणाऱ्यांची तारीख पुढे सरकलेली असते, तेवढे सुटतात.


तबकडी:

वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण त्याच्याही आधी डिस्क धडधाकट आहे का ते बघा. मरणाच्या दारातली डिस्कसुद्धा १०० टक्केच दाखवते. तशा डिस्कवर अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे जुळवणं) असं सुरू केलं तर ती मधेच जाते आणि फोटोही जातात.

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उतरवा, इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती मिळते. त्यात तीन ओळी बघायच्या: ०५ म्हणजे खराब झाल्याने बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येऊन ताटकळत असलेले सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. शेवटच्या 'रॉ व्हॅल्यू' रकान्यात तिन्हींसमोर शून्य असेल तर पुढे चला. सी५ शून्याच्या वर असेल तर बाकी सगळं थांबवा, आधी बॅकअप घ्या आणि मग नवी डिस्क बघा. ०५ मध्ये एखादा आकडा असून तो महिनोन्महिने तसाच असेल तर घाबरू नका. तो वाढत असेल तर मात्र डिस्क बदलायला झाली.

आता १ एमबीला १०० टक्के का, ते सांगतो. हा आकडा क्षमतेचा नाही, वेळेचा आहे. डिस्क किती वेळ कामात गुंतली होती ते तो दाखवतो. लॅपटॉपच्या साध्या डिस्का मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचनमुखाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी मुख योग्य पट्ट्यावर सरकायला साधारण १२ मिलिसेकंद. एका वाचनाला झाले १७-१८ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ५५-६० वाचनं. दर वेळी ४ केबीचा तुकडा उचलला तर सेकंदाला साधारण २३० केबी. तुकडे थोडे मोठे असले की १ एमबी. तुमची डिस्क तिचं काम पूर्ण ताकदीने करते आहे, फक्त तिला एकाच वेळी वीस जण वीस दिशांना बोलावत आहेत. हीच डिस्क एक मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला ८०-१०० एमबी सहज देते.

म्हणूनच पेचकस म्हणतात ते खरं आहे. स्टार्टअपमधून एक नाव कमी झालं की त्याची वाचनं जातातच, शिवाय बाकीच्यांच्या मधे मधे होणारी मुखाची धावाधाव कमी होते. त्यामुळे २० पैकी १० काढले की वेळ निम्म्याहूनही खाली येऊ शकतो.

दुसरं, ४ जीबी रॅम. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' उघडा आणि 'कमिटेड', म्हणजे प्रोग्रॅमांनी एकूण मागून घेतलेली मेमरी, बघा. स्लॅशच्या डावीकडचा आकडा ४ जीबीच्या बराच वर असेल तर जास्तीचा भार पेजफाइलवर, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरल्या जाणाऱ्या फाइलवर, पडण्याची शक्यता मोठी, आणि ती पेजफाइल त्याच बिचाऱ्या डिस्कवर असते. मागे बसणारे प्रोग्रॅम काढल्याने हा आकडाही खाली येतो.

डीफ्रॅग सगळ्यात शेवटी, काढायचं सगळं काढून झाल्यावर. आणि 'डिस्क क्लीनअप' चालवताना 'डाउनलोड्स' ही ओळ दिसली तर तिची खूण काढून टाका. विंडोज १० च्या काही आवृत्त्यांमध्ये ती त्या यादीत आहे आणि लोकांचे डाउनलोड्स त्यामुळे गेलेले आहेत.


घरचा_संगणक:

दोघांचे आभार. डिस्कच्या तिन्ही ओळी शून्य आहेत. 'कमिटेड' ५.१ पैकी... म्हणजे ५.१/८.० असं होतं, आता ३.४ आहे. स्टार्टअपमधली नावं २६ वरून ९ वर आली.

अडलंय ते तीन ठिकाणी. ट्रायल अँटिव्हायरस अर्धवट निघाला. यादीतून नाव गेलं, पण टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या दोन प्रोसेस अजून दिसतात आणि डिफेंडर चालू होत नाही. दुसरं, कंपनीचा अपडेटवाला काढला तरी दुसऱ्या दिवशी त्याची खिडकी पुन्हा वर आली. तिसरं, रोज रात्री शट डाउन करूनही टास्क मॅनेजरमधला 'अप टाइम' ९ दिवस दाखवतो. हे कसं?


शून्य_एक:

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं मूळ त्यात असू शकतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जसेच्या तसे साठवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. म्हणजे गाभा ९ दिवस बंद झालेलाच नाही. अनइन्स्टॉल करताना चालू असलेल्या फाइली पुसता येत नाहीत, त्या पुढच्या खऱ्या रीस्टार्टला पुसायच्या म्हणून नोंदवून ठेवलेल्या असतात. शट डाउन करून पुन्हा चालू केल्याने ते होत नाही, 'रीस्टार्ट'च दाबावं लागतं. तेवढं आज करून बघा. कदाचित दोन्ही प्रोसेस त्यातच जातील.

नाही गेल्या, तर त्या अँटिव्हायरसच्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल घ्या. मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेक जणी असं टूल मोफत देतात, कारण त्यांचे ड्रायव्हर स्वतःला पुसू देत नाहीत अशाच रीतीने बनवलेले असतात. कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या, डाउनलोडच्या तिऱ्हाईत साइटवरून नको. टूलने सेफ मोड, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींनिशी चालणारी विंडोज, मागितला तर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा. पुढे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ दाबा. एक लक्षात असू द्या: सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलर सेवा चालत नाही, त्यामुळे साधे प्रोग्रॅम तिथे काढायला गेलात तर एरर येईल. सेफ मोड फक्त त्या टूलपुरता.

आता परत येणारा अपडेटवाला. स्टार्टअप टॅब म्हणजे अनेक दारांपैकी एक दार. बाकीची दारं म्हणजे सेवा, टास्क शेड्युलर, ब्राउझरची एक्स्टेन्शनं. दुसऱ्या दिवशी, तेही ठरावीक वेळी खिडकी येत असेल तर बहुधा शेड्युलरमध्ये काम लावलेलं आहे. स्टार्ट मेनूतून 'टास्क शेड्युलर' उघडा, डावीकडे 'टास्क शेड्युलर लायब्ररी'वर क्लिक करा. वरच्या पातळीवर आणि कंपनीच्या नावाच्या फोल्डरमध्ये बघा. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमध्ये शिरू नका. कंपनीचं काम सापडलं की 'ॲक्शन्स' टॅबमध्ये ते कुठली फाइल चालवतं ते वाचा आणि 'डिसेबल' करा. 'डिलीट' आठवडाभराने, काही अडलं नाही तर.

सगळी दारं एकदम बघायची असतील तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स वापरा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, 'ऑप्शन्स'मध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' चालू करा. पिवळ्या ओळी म्हणजे नोंद आहे पण फाइल सापडत नाही, अनइन्स्टॉलरने मागे ठेवलेला हा कचरा असतो. गुलाबी ओळी म्हणजे फाइलवरची डिजिटल सही किंवा प्रकाशक सापडत नाही. गुलाबी दिसली म्हणजे व्हायरस, असं लगेच समजू नका. ओळीसमोरची खूण काढा, ओळ पुसू नका. खूण परत लावता येते, पुसलेली ओळ परत येत नाही. 'ड्रायव्हर्स' टॅबमध्ये अँटिव्हायरसच्या ओळी दिसल्या तरी त्यांना हाताने छेडू नका, ते काम रिमूव्हल टूलचं. फिल्टर ड्रायव्हर चुकीच्या क्रमाने बंद झाला तर कीबोर्ड, नेटवर्क किंवा डिस्क यांपैकी काहीही अडकू शकतं.

आणखी एक जागा कुणी सहसा बघत नाही: सर्टिफिकेट. २०१४-१५ च्या सुमारास लेनोवोच्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचं जाहिराती दाखवणारं सॉफ्टवेअर भरून येत होतं. सुरक्षित संकेतस्थळांत जाहिराती घुसवता याव्यात म्हणून ते स्वतःचं रूट सर्टिफिकेट (संकेतस्थळ खरं आहे का हे ठरवताना मशीन ज्यावर भरवसा ठेवतं तो दाखला) बसवायचं, आणि सगळ्या मशीनवर किल्ली एकच. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीला आलं. प्रोग्रॅम काढला तरी ते सर्टिफिकेट मागे राहायचं, म्हणजे धोका तसाच. तुमचं मशीन त्याच काळातलं आहे, कुठल्याही कंपनीचं असो, एकदा बघून घ्या. स्टार्ट मेनूत 'मॅनेज कम्प्युटर सर्टिफिकेट्स' टाइप करा, 'ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन अथॉरिटीज' उघडा. सुपरफिश किंवा टूलबारच्या, जाहिरातवाल्याच्या नावाचं काही दिसलं तर काढा. अनोळखी नावं पुष्कळ असतील, ती बहुतेक खरीच प्रमाणसंस्थांची असतात. नुसतं नाव ओळखीचं नाही म्हणून पुसू नका.


बायोस_वाचक:

इतकं एकेक वेचत बसण्यापेक्षा पाटी कोरी करून विंडोज नव्याने टाकली तर दोन तासांत काम होतं, असं माझं मत. अकरा वर्षांचे थर आहेत, सगळे हाताने निघत नाहीत. पण ते करताना तीन चुका हमखास होतात.

एक, कारखाना-रीस्टोअर. सुरू होताना की दाबून किंवा कंपनीच्या प्रोग्रॅममधून रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे कंपनीने मूळ प्रत ठेवलेला डिस्कचा भाग, वापरलं, की विंडोज ८.१ सकट ती सगळी वरात परत येईल. शिवाय ८.१ चा आधार १० जानेवारी २०२३ लाच संपला. त्या वाटेला जाऊ नका. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेन ड्राइव्ह बनवा. किमान ८ जीबीचा लागतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं.

दोन, वायफायचा ड्रायव्हर. नवी विंडोज उभी राहिली आणि वायफाय दिसतच नाही, मग ड्रायव्हर उतरवायचा कसा? तो आधीच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, टचपॅडचाही.

तीन, परवाना. तुमच्या विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला आहे. की विचारली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडा आणि आवृत्ती होमच घ्या. चुकून प्रो घेतलीत तर ती ॲक्टिव्हेट होणार नाही. ऑफिससारख्या इतर प्रोग्रॅमच्या किल्ल्या मात्र आधी लिहून घ्या. इन्स्टॉल करताना जुनी पार्टिशनं पुसून सगळी जागा मोकळी करा, हवी ती लहान पार्टिशनं विंडोज स्वतः पाडते. रिकव्हरी पार्टिशनही त्यात जाईल, ते परत मिळणार नाही.

कोऱ्या पाटीवरही कंपनीचा प्रोग्रॅम आपोआप उगवला तर चक्रावून जाऊ नका. विंडोज ८ पासून 'विंडोज प्लॅटफॉर्म बायनरी टेबल' नावाची सोय आहे. बायोसमध्येच एक प्रोग्रॅम ठेवलेला असतो आणि विंडोज सुरू होताना तो स्वतःहून उचलून चालवते. चोरीला गेलेलं मशीन शोधण्यासारख्या कामांसाठी ती उपयोगी, पण २०१५ मध्ये लेनोवोच्या काही मशीनवर तिच्यातून कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर परत परत बसत होतं. ओरड झाल्यावर बायोस अपडेट देऊन ते काढावं लागलं. खूण सांगतो: विंडोजच्या 'सिस्टम३२' फोल्डरमध्ये 'डब्ल्यूपीबीबिन' नावाची फाइल दिसली तर समजा. नुसती फाइल पुसून उपयोग नाही, पुढच्या सुरुवातीला ती पुन्हा येते. बायोसच्या सेटिंगमध्ये ती सोय बंद करता येते का ते बघा, नाहीतर नवा बायोस.


पेचकस:

कोऱ्या पाटीला विरोध नाही, पण आधी मोजा. नावं ९ वर आलीत, कमिटेड ३.४ वर. अँटिव्हायरस पूर्ण गेला आणि खरं रीस्टार्ट झालं की डेस्कटॉपनंतरची सहा-सात मिनिटं दीड-दोनवर यायला हवीत. ती आली नाहीत तरच विंडोज नव्याने टाका. आणि नव्याने टाकायचीच असेल तर या फिरत्या डिस्कवर टाकण्यात श्रम वाया घालवू नका. २.५ इंची साटा एसएसडी घ्या, २५० जीबीच्या आसपासची पुरते. जाडी ७ मिलिमीटर असते. तुमची जुनी डिस्क ९.५ ची असेल तर मधे पातळ चौकट लागते, नाहीतर ती खोबणीत हलते. तबकडींनी १७-१८ मिलिसेकंदांचा हिशोब दिला, एसएसडीमध्ये फिरणारं काही नसल्याने तेच वाचन मिलिसेकंदाच्याही अंशात होतं.

रॅम वाढवायची तर डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टवाली बघा. साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ याच खाचेत बसते, पण या पिढीचे बरेच लॅपटॉप तिच्यावर सुरूच होत नाहीत. खाच एकच आहे की दोन, ते टास्क मॅनेजरच्या 'मेमरी'त 'स्लॉट्स यूज्ड'समोर दिसतं.


तबकडी:

बायोस_वाचक यांच्या मुद्द्याला एक जोड. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनसाठी नोंदणी करून मिळणाऱ्या वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे, त्यामुळे हे मशीन तिच्यात बसत नाही. नव्याने टाकण्याचा घाट घालणारच असाल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्तीही बघा. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबीत नीट चालते. पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवून बघता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का हे त्यात आधीच कळतं. पेन ड्राइव्हवरून ती संथ वाटेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.


घरचा_संगणक:

खरं रीस्टार्ट केलं, तरी एक प्रोसेस उरली होती. रिमूव्हल टूलने ती गेली, डिफेंडरला हिरवी खूण आली. शेड्युलरमध्ये कंपनीची चार कामं सापडली, चारही डिसेबल केली. सुपरफिश नाही, डब्ल्यूपीबीबिनही नाही. आता डेस्कटॉप दिसल्यावर १ मिनिट ५० सेकंदांत ब्राउझर उघडतो. 'स्लॉट्स यूज्ड' २ पैकी १ दाखवतोय.

एकच शेवटचं. स्टार्ट मेनूत गेमच्या फरशा (टाइल्स) होत्या, त्या काढल्या आणि आज दोन नव्या आल्या. त्या कुठून?


शून्य_एक:

त्या लॅपटॉप कंपनीच्या नाहीत, विंडोजच्याच सुचवण्या आहेत. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, स्टार्ट, तिथे 'शो सजेशन्स ऑकेजनली इन स्टार्ट' बंद करा. मग त्या दोन फरशांवर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल' दाबा. नुसतं 'अनपिन' केलं तर फरशी जाते, ॲप राहतं. घरातल्या दुसऱ्या कुणाचं वेगळं खातं असेल तर त्या खात्यात शिरून हेच पुन्हा करावं लागेल, ही सेटिंग खात्यागणिक असते.